मिरग ते चवथ, उभ्या विमानातलं तेल

पत्र:

नमस्कार. मी, माझा दीर आणि आमचा एक मित्र अशा तिघांनी मिळून दोन वर्षांपूर्वी १९७५ सालचं सेसना १७२ घेतलं. तिघांकडेही परवाने आहेत. विमान गोव्यातच, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका शेडमध्ये उभं असतं (जागेचं नाव कृपया छापू नका). कामाच्या रगाड्यात गेल्या वर्षी ते सगळं मिळून अकरा तास उडलं. आता इंजिनातलं तेल बदलायचं ठरवलं तर वाद पेटला. दीर म्हणतो, सेमी-सिंथेटिक मल्टिग्रेड घ्या, महाग असलं तरी तेच उत्तम. मित्र म्हणतो, साधं डब्ल्यू-१०० पुरे. माझा मामेभाऊ पर्वरीला गाड्यांचं गॅरेज चालवतो, तो म्हणतो, गाडीचं भारीतलं सिंथेटिक घाला, विमानाचं नाव लावून लोक लुटतात. आत्ताचं तेल चौदा महिन्यांपूर्वी घातलेलं आहे, त्यावर तेराच तास झालेत. म्हणजे घाई काही नाही, एवढ्यावर मात्र आमचं एकमत आहे. माझे सासरे दर रविवारी न चुकता जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू करतात. पावसाळ्यात मधल्या एखाद्या दिवशी प्रोपेलर हातानं चार फेरे फिरवूनही येतात. त्यामुळे इंजिनची काळजी नाही. कुठलं तेल घालू?
एक वाचक, म्हापसा

उत्तर:

ताई, नमस्कार.

विचारलंत त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. डब्ल्यू-१०० प्लस घाला. त्याची कारणं पुढे देतोच, आणि दिराचं किंवा मित्राचं म्हणणं टाकाऊ नाही हेही सांगतो. मामेभावाचं मात्र ऐकू नका.

पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीपाशी अडलो. 'त्यामुळे इंजिनची काळजी नाही.' मला तुमच्या इंजिनची फार काळजी वाटते, आणि ती त्या रविवारच्या दहा मिनिटांमुळेच वाटते. आज मेचा दुसरा आठवडा चालू आहे. मिरगाला चार आठवडेही उरलेले नाहीत, म्हणून तुमचं पत्र रांगेत पुढे घेतलं.

मी नौदलात असताना कोचीला आयलंडर विमानांवर हात काळे केले. त्यांनाही तुमच्या विमानासारखीच लायकमिंग कंपनीची इंजिनं. नोकरी संपल्यावर नागरी परवाना काढला आणि पुढची वीस वर्षं छोट्या विमानांच्या काऊलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) डोकं घालून घालवली. एवढ्या काळात जास्त उडून संपलेली इंजिनं मी थोडीच पाहिली. उभी राहून संपलेली पुष्कळ पाहिली, आणि त्यातली बहुतेक आपल्या या किनारपट्टीवरची.

तुमच्या विमानावर १५० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३२० असणार. लॉगबुकात पुढे 'ई२डी' लिहिलं असेल. नसेल तर जरूर कळवा, कारण १९७७ ते १९८० या काळातल्या १७२ वर याच घराण्यातलं 'एच२एडी' आलं आणि त्याची तेलाची गरज थोडी वेगळी आहे. कुठलंही असो, या इंजिनाची एक ठेवण लक्षात घ्या. कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) खाली असतो. लायकमिंगमध्ये तो वर असतो, जणू माळ्यावर. इंजिन चालू असताना खालून उडणारं तेल त्याला न्हाऊ घालतं. बंद केलं की तेल हळूहळू खाली संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. पहिले काही दिवस एक पातळ थर टिकतो, मग तोही ओघळतो. कॅमचे उंचवटे आणि त्यांच्यावर घासणारी, व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या टॅपेटची तोंडं हवेला उघडी पडतात. आणि आपल्याकडची हवा म्हणजे मीठ आणि ओल.

माझी आजी मिरग लागायच्या आधी विळीच्या पात्याला खोबरेल चोपडून ठेवायची. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा ते चिकट पातं मला घाणेरडं वाटलं म्हणून फडक्यानं लख्ख पुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर केशरी ठिपके. आजीनं राख घेऊन घासलं, पुन्हा तेल लावलं, विषय संपला. कॅमशाफ्टचं दुखणं असं की तो घासून पुन्हा तेल लावता येत नाही. टॅपेटच्या तोंडाला कडक केलेला थर असतो. गंजानं त्यात बारीक खड्डा पाडला की कॅमच्या दाबाखाली खड्ड्याच्या कडा तुटू लागतात, ते तुकडे तेलातून फिरतात आणि कॅमचा उंचवटा झिजत झिजत गोल होतो. मग व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. ताकद इतकी सावकाश कमी होते की पायलटला वाटतं, आज उकाडा आहे, म्हणून चढत नाही.

असं एक इंजिन माझ्या हातून गेलं. मालक हौशी, विमानाला रोज फडकं मारणारे, पण उडवायला वेळ नसलेले. ओव्हरहॉल होऊन चारशेच तास झाले होते. तेल बदलताना मी फिल्टरचा डबा कापला, आतला घड्यांचा कागद चाकूनं सोडवला आणि शेडच्या दारात उन्हात धरला. एकेका घडीत बारीक चकाकी, मासळी साफ केल्यावर पाटावर खवले चिकटून राहावेत तशी. लोहचुंबक फिरवलं तर सगळी त्याला येऊन चिकटली, म्हणजे पोलाद. सिलिंडर उतरवून आत बॅटरी मारली. टॅपेटच्या तोंडावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. चारशे तासांच्या इंजिनाला पुन्हा ओव्हरहॉल, आणि तो खर्च दोन आकडी लाखांत जातो. लायकमिंगच्या हिशेबानं हे इंजिन २००० तास किंवा १२ वर्षं चालायला हवं. त्या मालकांनी मला विचारलं होतं, 'मी तर दर आठवड्याला चालू करत होतो, मग असं कसं?' तुमचं पत्र वाचताना तोच आवाज कानात आला.

दर आठवड्याला चालू केल्यानं काय होतं ते पाहा. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं तर जवळजवळ एक लिटर पाणी. बहुतेक सगळं वाफ होऊन एक्झॉस्टमधून जातं, पण पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडी वाफ खाली क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या पोटात, उतरतेच, आणि येताना ज्वलनातली आम्लं घेऊन येते. इंजिन तासभर नीट उडलं, तेलाचं तापमान ७४ ते ९३ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिलं, तर ही ओल पुन्हा वाफ होऊन ब्रीदरच्या नळीनं बाहेर पडते. जमिनीवर दहा मिनिटांत तेल तिथवर पोचतच नाही. मग ती वाफ आतल्या थंड भिंतींवर धरते, भाताच्या झाकणावर धरते तशी, आणि थेंब खाली गळतात. सासरे दर रविवारी इंजिनात ओल भरून येतात आणि सोमवार ते शनिवार ती तिथेच मुरते.

मग अर्धा तास चालू ठेवलं तर? तेही नको. जमिनीवर सिलिंडरांना प्रोपेलरच्या वाऱ्याखेरीज गारवा नाही, काही सिलिंडर भलतेच तापतात आणि तेल तरीही मागेच राहतं. शिवाय स्पार्क प्लग खराब होतात. तुमचं इंजिन मुळात ८० ऑक्टेनच्या ॲव्हगॅससाठी (विमानाच्या पेट्रोलसाठी) बनलेलं. त्यात लिटरला जास्तीत जास्त ०.१४ ग्रॅम शिसं असायचं. आज जे निळं १०० एलएल मिळतं त्यात ०.५६ ग्रॅमपर्यंत असू शकतं, म्हणजे चौपट. कमी फेऱ्यांवर, कमी तापमानात ते शिसं जळून निघत नाही, प्लगच्या तळाशी राखाडी खडे होऊन बसतं. इंजिन जमिनीवर चालवावं लागलंच, टॅक्सी करतानासुद्धा, तर मिश्रण बरंच लीन करा, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी ठेवा.

प्रोपेलर हातानं फिरवणं तर पहिल्यांदा बंद करा, आजपासून. त्यानं वर तेल चढत नाही. पंपाला दाब धरायला हातानं चार फेरे पुरत नाहीत, उलट सिलिंडरच्या भिंतीवर जो काही थर उरलेला असतो तो रिंगा पुसून घेतात. मी विळीला जे केलं तेच. लायकमिंगनं लिहून ठेवलंय की याचा फायद्यापेक्षा अपायच जास्त. आणि दुसरं कारण याहून मोठं. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर चावी बंद असूनही इंजिन उसळी घेऊ शकतं. पंख्याच्या टप्प्यात तुमचे सासरे उभे असतात. माझ्या ओळखीच्या एका माणसाचा हात असाच गेला.

ताई, सासऱ्यांना हे कसं सांगायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, पण मी त्यांच्याच वयाचा असणार, म्हणून बोलतो. दर रविवारी विमानापाशी जाणारा माणूस तुम्हां तिघांत नाही, तो त्यांच्यात आहे. त्यांचा रविवार काढून घेऊ नका. त्यांना कामं द्या, खरी कामं. ती पुढे ओघात येतील.

आता तेल. विमानाच्या पिस्टन इंजिनाला गाडीचं तेल का चालत नाही, ते मामेभावाला असं सांगा. गाडीच्या तेलात मळ धुण्यासाठी धातूचे क्षार असलेली रसायनं असतात. तुमच्या हवेनं गार होणाऱ्या, खूप तापणाऱ्या इंजिनात थोडं तेल नेहमीच जळतं, आणि त्या क्षारांची राख ज्वलनकक्षात साठते. ती तापून लाल झाली की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. विमानाच्या तेलात मळ तरंगत ठेवणारं रसायन राख न करणारं असतं. डब्ल्यू-१०० मधल्या डब्ल्यूचा अर्थ तोच, गाडीच्या तेलावरच्या हिवाळ्याच्या डब्ल्यूशी त्याचा संबंध नाही. डब्यावर एसएई जे-१८९९ हे मानक पाहूनच घ्या. आणि फुल सिंथेटिक? १९८० च्या दशकात विमानांसाठी तेही आणून झालं. ते तेल पेट्रोलमधलं शिसं पोटात धरून ठेवू शकलं नाही, इंजिनात करडा चिखल साठला आणि ते बाजारातून गेलं. मामेभाऊ एखाद्या मायक्रोलाइटवाल्याचा दाखला देईल, की तो तर मोटरसायकलच्या तेलासारखं तेल घालतो. बरोबर आहे, कारण त्याचं रोटॅक्स इंजिन आहे. त्याची सिलिंडरची डोकी पाण्यानं गार होतात, गिअरबॉक्स त्याच तेलात चालतो आणि त्याला त्याचं वेगळं तेल ठरलेलं आहे. आणखी एक, तुमच्या इंजिनाला मान्य नसलेलं तेल घातलंत तर विमान कागदोपत्री उडण्यास योग्य राहत नाही, आणि मग विम्याचाही भरवसा नाही.

दिराच्या मल्टिग्रेडबद्दल. १५डब्ल्यू-५० या मल्टिग्रेडचं मोठं कौतुक थंडीत असतं. पहाटे शून्याखाली पारा असताना पातळ राहून ते झटकन सगळीकडे पोचतं. गोव्यात १६ अंशांच्या खाली पारा जातो कधी? त्यावर तापमान असेल तर लायकमिंग एसएई ४० किंवा ५० घाला म्हणतं, आणि डब्ल्यू-१०० म्हणजे एसएई ५०. उभ्या विमानात एकेरी ग्रेडचं जाड तेल भागांवर थोडा जास्त वेळ चिकटून राहतं, असा माझ्यासह पुष्कळ मेकॅनिकांचा अनुभव आहे. डिसेंबरात विमान घेऊन उत्तरेत जाऊन राहणार असाल तर दिराचं तेल घ्या, त्यात वाईट काहीच नाही.

मित्राचं डब्ल्यू-१०० आणि मी सांगतोय ते डब्ल्यू-१०० प्लस, यांतला फरक एवढाच की प्लसमध्ये गंजरोधक आणि लायकमिंगनं मान्य केलेलं झीजरोधक रसायन आधीच मिसळलेलं असतं. एच२एडीला ते झीजरोधक सक्तीचं आहे, ई२डीला नाही. तरी किनाऱ्यावरच्या, कमी उडणाऱ्या इंजिनाला मी तेच घालतो. दोन्ही तेलं एकमेकांत मिसळली तर बिघडत नाही, त्यामुळे भागीदारीत यावरून अबोला नको.

किती घालायचं याचाही गोंधळ असतो. तुमच्या १७२ चा संप आठ क्वार्टचा (क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा किंचित कमी). पुस्तक म्हणतं सहाच्या खाली उडू नका, आणि तीन तासांच्या आतल्या उड्डाणाला सात भरा. आठ भरलं की वरचं अर्धं-एक क्वार्ट ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं, विमानाचं पोट काळं होतं आणि मालकाला वाटतं इंजिन तेल पितंय. खरोखर पीत असेल तर ते डिपस्टिकच्या नोंदींवरून कळेल. दीडशे अश्वशक्तीला लायकमिंगची कमाल मर्यादा तासाला साधारण अर्धा क्वार्ट. सासऱ्यांना एक वही घेऊन द्या. प्रत्येक उड्डाणाआधी डिपस्टिकचा आकडा, किती भरलं, किती तास झाले. वर्षभरात ती वही तुमच्या लॉगबुकापेक्षा जास्त बोलकी होईल.

आणि आता ज्या एका गोष्टीवर तुमचं एकमत झालं तिच्याबद्दल. तेराच तास झालेत म्हणून घाई नाही, हे साफ चूक आहे. फिल्टर असेल तर ५० तास, नुसती जाळी असेल तर २५ तास, *किंवा चार महिने, जे आधी येईल ते*. हा लायकमिंगचा नियम आहे. १९७५ च्या विमानावर मुळात जाळीच असू शकते, नंतर कुणी अडॉप्टर लावून फिल्टर बसवला असेल तर नशीब. तुमच्या संपमध्ये चौदा महिन्यांचं तेल आहे, त्यात साठेक रविवारांची ओल आणि आम्ल. वर माळ्यावरच्या कॅमला शेवटचा थर त्याच तेलाचा बसतो. नव्या तेलाचा ब्रँड निवडण्याआधी जुनं बाहेर काढा, याच आठवड्यात.

आधी तासभर उडा. तेल पुरतं तापलेलं असताना सोडा, म्हणजे गाळ तरंगत असतो आणि सोबत निघतो. पहिली धार जाऊ द्या, मधल्या धारेतलं थोडं कोरड्या बाटलीत धरून तपासणीला पाठवा. अहवालात लोखंड जास्त आलं तर कॅम किंवा सिलिंडरची भिंत, क्रोमियम आलं तर रिंगा, ॲल्युमिनियम आलं तर पिस्टन, असा अंदाज बांधता येतो. एका अहवालावर घाबरू नका, दोन-तीनांची तुलना करा. आपल्याकडे सिलिकॉनवर मात्र पहिल्यापासून नजर ठेवा. जांभ्या दगडाची तांबडी धूळ एप्रिल-मेमध्ये कुठे शिरत नाही? एअर फिल्टरच्या कडेचं रबर कडक झालं की ती सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि पॉलिश पेपरचं काम करते. सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर आधी तो फिल्टर काढून बोटानं त्याची कड चाचपा.

मिरगापासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) काय करायचं, हा तुमचा न विचारलेला पण खरा प्रश्न. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक याच दिवसांत. दर आठवड्याला तासभर उडणं हा उत्तम उपाय, पण जुलैत ढग नारळाच्या शेंड्यांवर टेकलेले असतात आणि धावपट्टीची वेळ मिळणं सोपं नाही. दाबोळीला तर कामाच्या दिवशी सकाळी नौदलाचा सराव असतो. ताई, हात जोडून सांगतो, इंजिन गंजेल म्हणून पावसात, ढगांखालून वाट काढत उडायला जाऊ नका. इंजिन नवं आणता येतं.

त्यापेक्षा मेअखेरीस घरात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतो तसं विमानालाही पावसाळ्यासाठी बांधून ठेवा. परवानाधारक इंजिनिअरकडून इंजिनचं रीतसर संरक्षण करून घ्या, लॉगबुकात नोंद करून. साधारण असं असतं: नेहमीचं तेल काढून गंजरोधक संरक्षक तेल भरायचं (तयार मिळणारं एरोशेल फ्लुइड २एफ आहे), इंजिन चालवून ते सगळीकडे फिरवायचं, मग वरचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेच तेल फवारायचं. त्यानंतर प्रोपेलर अजिबात हलवायचा नाही. प्लगच्या जागी सिलिका जेल भरलेले पारदर्शक प्लग, एक्झॉस्ट, ब्रीदर आणि हवेचं तोंड सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून बंद. प्रोपेलरला लाल पट्टी आणि मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी: 'फिरवू नका'.

इथे सासऱ्यांचा रविवार. निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ओल ओढून तिचं पोट भरलं, ती बदलायची. भर आषाढात तर दर आठवड्याला बदलावी लागेल. गुलाबी झालेली मंद आचेवर ओव्हनमध्ये भाजली की पुन्हा निळी होते (स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, त्या रंगात कोबाल्ट असतं). वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं झाकण जागेवर आहे ना ते पाहायचं. कुंभारीण माशीला त्या नळीएवढं सोयीचं घर दुसरं नाही, आणि तिनं मातीचा बोळा बसवला की उड्डाणात वेगाचा काटा हलत नाही. टाक्या भरलेल्या ठेवा, म्हणजे आत ओल धरायला जागा कमी. जुन्या सेसनांची पंखांवरची टाकीची झाकणं पावसात गळतात, म्हणून त्यांनी दर वेळी तळातून काचेच्या भांड्यात थोडं पेट्रोल काढून उजेडाकडे धरावं. निळ्याच्या तळाशी पाण्याचा थेंब पारदर्शक मण्यासारखा बसलेला दिसतो. उंदरांच्या लेंड्या, चाकांत हवा, कंट्रोल केबलवर गंजाचा तांबूस रंग, रंगाखाली आलेले दोऱ्यासारखे फुगे. हे सगळं वहीत. एवढं करणाऱ्या माणसाला कुणी 'इंजिन चालू करू नका' म्हटलं तर त्याचा मान जात नाही.

दुसरा मार्ग विमान चार महिने घाटावर नेऊन ठेवण्याचा. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, हवेत मीठ नाही. पण पावसाळ्यात तेही कोरडं नसतं, आणि तुमच्यापैकी कुणी दर आठवड्याला घाट चढून जाऊन उडवणार असेल तरच त्याला अर्थ आहे. नाहीतर इथे बांधून ठेवणं बरं.

अकरा तासांचं मात्र काहीतरी करा. तीन मालक आणि वर्षाला अकरा तास, म्हणजे माणशी चारही नाहीत. पार्किंग, विमा, दरवर्षीचं एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट आणि तपासणी हे खर्च विमान उडो न उडो तेवढेच. खाजगी नोंदणीचं विमान पैसे घेऊन बाहेरच्यांना देता येत नाही, ते डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांत बसत नाही, त्यामुळे तो विचार कुणी सुचवला तर सोडून द्या. पण परवाना असलेला, वेळ असलेला चौथा भागीदार घेता येतो. मी तुमच्या जागी असतो तर पैशांपेक्षा त्याचं लॉगबुक आधी पाहिलं असतं. नारळी पौर्णिमेनंतर आभाळ उघडायला लागलं की चौघांत आठवडे वाटून घ्या, प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून एक सकाळ, निदान तासभर.

या आठवड्यात तेल काढाल तेव्हा फिल्टर कचऱ्यात टाकू देऊ नका. डबा कापणारं हत्यार वापरा, करवत नको, तिचेच कण आत पडतात आणि नसती धडकी भरते. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा आणि सासऱ्यांच्या हातात चुंबक द्या. जाळीच असेल तर ती पांढऱ्या फडक्यावर झटका. काळे, चुरगळणारे कण कार्बनचे, त्यांची चिंता नको. चुंबकाला दोन-चार बारीक केसांसारखे कण चिकटले तर नवं तेल घालून दहा तासांनी पुन्हा कापून पाहा. पण चपटे, चकाकणारे पापुद्रे सापडले, तर विमान तिथेच उभं ठेवा, इंजिनिअरला एक सिलिंडर उतरवून कॅम बघायला सांगा आणि जे दिसेल त्याचा फोटो मला पाठवा. मी त्याच दिवशी उत्तर देईन.